जुन्या मोटारसायकलींच्या इतिहासावरची पुस्तकं: खानदेशातल्या वाचकांचा धागा

गिरणाकाठ

जुनी बुलेट, जावा, येझदी, राजदूत जिवापाड जपणारी माणसं आपल्या खानदेशात कमी नाहीत. पण या गाड्यांच्या इतिहासावरची पुस्तकं वाचणारे मात्र आपापल्या गावी एकेकटे आहेत. रावेरला कोणाकडे कोणतं पुस्तक आहे हे नवापूरच्या माणसाला ठाऊक नसतं. तो पत्ता लागावा म्हणून हा धागा. तुमच्याकडचं पुस्तक, आवडलेलं प्रकरण, न पटलेलं मत, सगळं मोकळेपणाने लिहा.

गॅरेजवर पुस्तक घेऊन गेलं की एक प्रश्न हमखास येतो: गाडी चालू आहे, मिस्त्री हाताशी आहे, मग हे कशाला? मी त्यांना जुन्या बुलेटचा गिअर दाखवतो. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला वर, बाकीचे तीन खाली, आणि शेजारी टाचेने दाबायचा न्यूट्रलचा खटका. हे असं का, ते मिस्त्री सांगत नाही. त्याने पान्हा हातात धरला तेव्हापासून ते तसंच आहे. पुस्तक सांगतं. ही घडण अल्बियन या इंग्लिश गिअरबॉक्सची, आणि त्या काळी इंग्लंडातल्या बहुतेक गाड्यांचा गिअर उजवीकडेच असायचा. १९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेने डावीकडचा गिअर सक्तीचा केला. अमेरिकेत माल खपवायचा म्हणून इंग्लिश कारखान्यांना मुकाट्याने बदलावं लागलं. मद्रासच्या कारखान्यावर तशी सक्ती नव्हती, म्हणून आपल्याकडे उजवीकडचा गिअर पुढे कितीतरी वर्षं टिकला. एवढं वाचल्यावर तो खटका दाबताना मला आनंद होतो. गाडी तीच, पण तिच्यामागे एक लांबलचक रस्ता दिसायला लागतो.

तो रस्ताही थोडक्यात सांगतो. रॉयल एनफिल्डची पहिली मोटारसायकल १९०१ ची, इंग्लंडातल्या रेडिच गावची. बुलेट हे नाव १९३२ चं. आपण जिला बुलेट म्हणतो ती मागच्या चाकाला शॉकअप असलेली गाडी १९४८ मध्ये खडतर वाटांवरच्या ‘ट्रायल’ स्पर्धांत उतरली, आणि त्याच वर्षी इटलीत सॅन रेमोला सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोन बुलेटस्वारांनी सुवर्णपदकं घेतली. पुढे आपल्या सैन्याने ती निवडली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया उभी राहिली, तिरुवोट्टियूरला कारखाना झाला. तिकडे १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद, १९७० पर्यंत इंग्लंडातलं उरलंसुरलं कामही संपलं. आणि १९७७ मध्ये मद्रासची बुलेट उलट इंग्लंडात विकायला जाऊ लागली! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी भर दुपारी शेजारच्याला उठवून सांगितलं होतं.

मला सगळ्यात जास्त भिडलेलं पुस्तक मात्र बुलेटवरचं नाही. बर्ट हॉपवूड यांचं १९८१ सालचं ‘व्हॉटएव्हर हॅपन्ड टू द ब्रिटिश मोटरसायकल इंडस्ट्री’. हा माणूस एरियल, नॉर्टन, बीएसए, ट्रायम्फ या सगळ्या इंग्लिश मोटारसायकल कंपन्यांत काम केलेला. नॉर्टन डॉमिनेटरचं दोन सिलिंडरचं इंजिन त्याच्याच हातचं. ज्या टेबलावर चुकीचे निर्णय झाले त्या टेबलाशी तो स्वतः बसलेला होता, म्हणून पुस्तकाला धार आहे. एकाच आराखड्यातले सुटे भाग वापरून लहानमोठी इंजिनं काढावीत अशी त्याची योजना होती. वरच्या साहेबांनी ती बाजूला सारली. ट्रायम्फ स्पीड ट्विनचा जनक एडवर्ड टर्नर १९६० मध्ये जपानचे कारखाने पाहून आला आणि तिथला झपाटा त्याने अहवालात लिहून दिला, तरीही गाडं हललं नाही. १९७३ मध्ये बीएसए कोसळली, मेरिडनच्या कामगारांनी ट्रायम्फचा कारखाना अडवून धरला आणि पुढे १९८३ पर्यंत सहकारी तत्त्वावर चालवला. बंद गिरण्यांची धुराडी बघत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला हे पुस्तक परकं वाटत नाही. मला तर पानोपानी धुळं-जळगाव आठवत होतं.

आता तुम्ही.

लोको_शेड

गिरणाकाठभाऊ, उत्तम काम केलंत. भुसावळकर म्हणून माझी भर.

आमच्याकडे रेल्वेच्या क्वार्टरांतून साहेब लोक, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, फोरमन अशी बरीच मंडळी गेली. जाताना सामान काढलं ते रद्दीत. त्या रद्दीतून माझ्या वडिलांनी उचललेलं एक पुस्तक माझ्याकडे आहे: डब्ल्यू. सी. हेक्राफ्ट यांचं ‘द बुक ऑफ द रॉयल एनफिल्ड’. पिटमन प्रकाशनाने अशी एकेका गाडीवर एकेक छोटी पुस्तकं काढली होती. बीएसए, एजेएस, मॅचलेस, सगळ्यांची. कोटाच्या खिशात मावेल एवढं.

याला इतिहासाचं पुस्तक कोणी म्हणणार नाही, पण मी म्हणतो. त्यात गाडी घेणाऱ्या माणसाला गृहीत कसं धरलंय ते बघा. डिकार्ब करण्यावर अख्खं प्रकरण. हेड कसं उतरवायचं, पिस्टनच्या डोक्यावरचा कोळसा कसा खरवडायचा, व्हॉल्व्ह कसे घासायचे, सगळं मालकाने घरी करायचं आहे असं धरून लिहिलेलं. मिस्त्रीकडे जा असं वाक्य जवळजवळ येतच नाही. त्या काळचा मोटारसायकलवाला हा अर्धा मिस्त्री असायचा, हे कोणत्याही जाडजूड इतिहासग्रंथापेक्षा हे पुस्तक जास्त नीट दाखवतं.

माझ्या प्रतीत डिकार्बच्या पानावर काळ्या ऑइलचा अंगठा उमटलाय, रेषान् रेषा मोजता येईल असा. पॉइंटच्या, म्हणजे ठिणगीची वेळ साधणाऱ्या खटक्याच्या, गॅपच्या ओळीखाली पेन्सिलची रेघ आहे आणि समासात कोणीतरी इंग्रजीत १५ थाऊ, म्हणजे इंचाचे १५ हजारांश, लिहिलंय. ऑइलच्या तक्त्याशेजारी त्याच अक्षरात ‘भुसावळ, मे’ आणि पुढे एक ग्रेड जाड ऑइलचा आकडा. इंग्लंडच्या उन्हाळ्यासाठी छापलेला तक्ता इथे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा कामाचा नाही, हे त्या माणसाने ओळखलं होतं. पुस्तक लिहिणाऱ्याला हे सुचणं शक्य नव्हतं. ती पेन्सिलीची नोंद मला छापील मजकुराइतकीच मोलाची वाटते.

पांझरा

धुळ्याहून. वडिलांची जावा उभी करतेय, त्या निमित्ताने वाचन सुरू झालं.

लोको_शेड दादांशी एका बाबतीत सहमत, एका बाबतीत नाही. मॅन्युअल हवंच. पण फक्त मॅन्युअल वाचलं असतं तर या गाडीचा स्वभाव मला कळला नसता. जावावर किक मारायचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच आहे. आत दाबून फिरवला की किक, मारून झाली की पुढे आणून सोडायचा, की तोच गिअर. वर गिअर टाकताना त्या दांड्यानेच क्लच सुटतो, हाताने दाबला नाही तरी चालतं. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. मॅन्युअल या सगळ्याची मापं देतं. हे असं डोकं चालवणारी माणसं कोण होती, ते इतिहास सांगतो.

फ्रांतिशेक यानेचेक हा शस्त्रं बनवणारा चेक कारखानदार. १९२९ मध्ये त्याने जर्मनीच्या वाँडरर कंपनीचा मोटारसायकलचा धंदा विकत घेतला, दोन्ही नावांची सुरुवात जोडून जावा झालं. पहिली गाडी ५०० सीसीची, जड आणि महाग. नंतर त्यांनी स्वस्त टू-स्ट्रोककडे मोर्चा वळवला. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात होता. कारखान्याला मोटारसायकलींचं काम करायची मोकळीक नव्हती, तरी तिथल्या इंजिनिअर मंडळींनी लपूनछपून नव्या २५० ची आखणी चालू ठेवली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये जी ‘पेराक’ आली ती या चोरट्या कामाचं फळ. माझ्या अंगणातली गाडी त्याच घराण्यातली. इराणी आडनावाच्या मंडळींनी मुंबईत आधी या गाड्या आयात करून विकल्या, मग म्हैसूरला आयडियल जावा काढली. १९६१ मध्ये कारखान्याचं उद्घाटन म्हैसूरच्या राजघराण्यातले जयचामराजेंद्र वाडियार यांनी केलं. १९७३ पासून येझदी हे नाव, १९९६ मध्ये टाळं.

हे सगळं वाचून वडिलांना सांगितलं. त्यांनी ती गाडी आयुष्यभर साक्री-पिंपळनेरच्या रस्त्यावर पळवली, पण युद्धातल्या त्या गुपिताची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. आता आल्यागेल्याला चहा देण्याआधी ते ती गोष्ट सांगतात.

न पटलेलं मतही लिहिते. मोठ्या आकाराची, चकचकीत कागदाची जी छायाचित्रांची पुस्तकं निघतात ती बघायला सुरेख, पण रिस्टोरेशनसाठी त्यांच्यावर विसंबू नये. त्यातल्या पुष्कळ गाड्या प्रदर्शनासाठी सजवलेल्या असतात. जिथे कारखान्याने साधा काळा रंग दिला होता तिथे क्रोम, जिथे कॅडमियमचा मंद मुलामा होता तिथेही क्रोम. कंपनीचं जुनं माहितीपत्रक, पार्ट्स लिस्ट आणि हात न लागलेली एखादी जुनी गाडी, या तिघांचा मेळ बसला तरच मी रंग ठरवते.

केळीचा_खांब

चोपड्याकडचा शेतकरी. माझ्याकडे पुस्तकं नाहीत, गाडी आहे. राजदूत १७५.

आमना गावमा पहिली गाडी राजदूतच व्हती. दुधाच्या कॅन, केळीची पिलं, खताच्या गोण्या, पोरं, सगळं तिच्यावरच. तीन गिअर, पुढचं जाड लिंकचं सस्पेन्शन, आणि चिखलात कधी अडली नाही. बुलेटवर पुस्तकं निघतात, जावावर निघतात. राजदूतने जेवढी माणसं शेतातून शाळेत आणि शाळेतून दवाखान्यात नेली तेवढी बुलेटने नेली नसतील. तिच्यावर कोणी लिहिलंय का? असेल तर माले बी वाचानं शे.

गिरणाकाठ

केळीचा_खांब भाऊ, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

राजदूतवर स्वतंत्र ग्रंथ माझ्या पाहण्यात नाही. पण तिचं कूळ सापडतं. राजदूत बनवणाऱ्या एस्कॉर्ट्स कंपनीने ती पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून घेतली. १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन तिचंच. पोलंडातही ती खेड्यापाड्यातल्या कामकरी माणसाचीच गाडी होती, आणि पुढचं ते जाड सस्पेन्शन खराब रस्त्यांसाठीच होतं. म्हणजे तुमच्या चिखलात ती चालली यात नशिबाचा भाग नाही, ती त्यासाठीच आखलेली होती.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट जुन्या टू-स्ट्रोकवरच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात येते, ती इथे सांगायलाच हवी. युद्धाआधी जर्मनीत डीकेडब्ल्यू कंपनीची आरटी १२५ ही छोटी गाडी होती. जर्मनी हरल्यावर तिचे आराखडे जेत्यांनी वाटून घेतले. इंग्लंडात त्यावरून बीएसए बँटम झाली, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने १२५ काढली, रशियात मॉस्को आणि मिन्स्कला त्याच गाडीच्या नकला झाल्या. जपानमध्ये यामाहाची पहिलीवहिली मोटारसायकल, १९५५ ची वायए-१, तीही तिच्यावरूनच. बँटम आणि वायए-१ चे फोटो शेजारी ठेवून बघा, सख्ख्या बहिणी वाटतात. एकाच गाडीची लेकरं शीतयुद्धात दोन्ही बाजूंना उभी होती. राजदूतच्या त्याच एस्कॉर्ट्सने पुढे यामाहाशीच हात मिळवला आणि आरडी ३५०, आरएक्स १०० आपल्याकडे आल्या, हे ध्यानात घेतलं की कूळ किती फिरून आपल्या दारात आलं ते कळतं.

मेहरूण_तलाव

आरएक्स १०० चं नाव निघालं आणि मी गप्प बसणं शक्य नाही! जळगावात कॉलेजला असताना त्या गाडीच्या सायलेन्सरचा आवाज वर्गात बसून ओळखायचो, कोणाची आली ते.

त्या सायलेन्सरचा इतिहास वाचायचा असेल तर मॅट ऑक्सली यांचं ‘स्टीलिंग स्पीड’ मिळवा. टू-स्ट्रोक इंजिनात धूर बाहेर पडताना न जळलेलं पेट्रोलही बाहेर निसटतं. सायलेन्सरच्या नळीचा आकार आधी फुगवत नेला आणि मग निमुळता केला, तर दाबाची लाट उलट फिरून ते पेट्रोल परत सिलिंडरमध्ये ढकलते. हे गणित पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी पक्कं केलं. साधनं तुटपुंजी, पैसा नाही, आणि तरी १९६१ मध्ये त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. लिटरमागे २०० झाली. तोपर्यंत हे कोणालाच जमलं नव्हतं.

त्याच वर्षी त्यांचा पट्टीचा स्वार एर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीतून पूर्व जर्मनी सोडून पळाला. इकडे बायको-मुलांना गाडीच्या डिकीत लपवून सीमेपार काढलेलं. डेगनर सुझुकीला जाऊन मिळाला आणि पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, सुझुकीने ५० सीसीची जागतिक स्पर्धा जिंकली. जपानी टू-स्ट्रोकची गाडी तिथून सुसाट सुटली. ऑक्सली कुठेही डेगनरला सरसकट खलनायक करत नाहीत, हे मला फार आवडलं. काडेन मात्र मागेच राहिले, त्याच गावात, त्याच कारखान्यात. त्यांच्यावरची पानं मी परत परत वाचतो. ज्याने वाट पाडली त्याच्या वाट्याला रस्ता आला नाही.

पूर्वी सायलेन्सरची ती नळी कापून आवाज मोठा करणारी पोरं होती, आजही आहेत. हे पुस्तक वाचलं असतं तर कोणी त्या नळीला करवत लावली नसती.

अमळनेर_आर

मी निवृत्त शिक्षक, इंग्रजी शिकवायचो. यंत्रातलं फारसं कळत नाही, पण या विषयातलं साहित्य मला प्रिय आहे, म्हणून दोन पुस्तकं सुचवतो.

पहिलं टी. ई. लॉरेन्स यांचं ‘द मिंट’. अरबस्तानच्या युद्धाने जगभर गाजलेला हा माणूस पुढे नाव बदलून हवाई दलात साधा शिपाई म्हणून राहिला. त्यातला काही काळ कराची आणि मीरानशाहला, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात. त्याचं वेड होतं ब्रफ सुपिरिअर मोटारसायकल. त्याने एकामागून एक सात घेतल्या, आठवीची मागणी नोंदवलेली होती. ‘द मिंट’ त्याच्या मृत्यूनंतर १९५५ मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध झालं. त्यात रस्त्यावरचं एक छोटं प्रकरण आहे, संध्याकाळी ड्युटी संपल्यावर गाडी काढून विमानाशी लावलेली शर्यत. मोटारसायकलवर याहून सुंदर गद्य मी वाचलेलं नाही. विद्यार्थ्यांना ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवायचो, अभ्यासक्रमात नसताना.

मे १९३५ मध्ये लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातातच गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्या मृत्यूने ते अस्वस्थ झाले आणि मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा त्यांनी अभ्यास मांडला. १९४१ मध्ये त्यांचा निबंध आला, आणि ब्रिटिश सैन्याने निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. आपण हेल्मेट डोक्यावर चढवतो त्यामागे ही साखळी आहे. धुळे-चाळीसगाव रस्त्यावर बिनहेल्मेटने जाणारा माजी विद्यार्थी दिसला की मी थांबवून त्याला हे सांगतो, आणि बरेच जण ऐकतात.

दुसरं पुस्तक ‘मोटर सायकल कॅव्हलकेड’, १९५० चं. लेखकाचं टोपणनाव इक्सिऑन, खरं म्हणजे बी. एच. डेव्हिस नावाचे पाद्री. मोटारसायकल जन्मली तेव्हापासून ती चालवत आणि तिच्यावर लिहीत आलेले. पट्ट्याने चालणाऱ्या गाड्या, पावसात पट्टा घसरणं, चढावर उतरून शेजारून पळणं, हे त्यांनी स्वतः भोगलेलं आहे. इतिहासकाराला जे कागदांतून गोळा करावं लागतं ते त्यांना आठवत होतं. फार प्रसन्न माणूस. मिळेल तिथे घ्या.

वाघूर

सगळ्यांचं वाचतोय, भरपूर शिकायला मिळतंय. पण मनात आहे ते बोलतो.

या सगळ्या पुस्तकांत रेडिच आहे, बर्मिंगहॅम आहे, एमझेडचं झ्शोपाऊ आहे, फार तर मद्रास आणि म्हैसूर आहे. बुलेटच्या भारतातल्या वाटचालीवर २०२० मध्ये अमृत राज यांचं ‘इंडियन आयकॉन’ आलं, चांगलं आहे, कंपनीच्या आतल्या घडामोडी नीट मांडल्यात. पण गाडी शोरूमबाहेर पडली की पुस्तक थांबतं. पुढची चाळीस-पन्नास वर्षं ती गाडी कोणी जगवली? मद्रासहून पार्ट यायला महिना लागायचा तेव्हा इथल्या लेथवाल्यांनी बुश तासले, दुसऱ्याच इंजिनाचा पिस्टन बसवून इंजिन बांधलं. दुसऱ्या महायुद्धानंतर डिस्पोजलच्या, म्हणजे सैन्याचा जुना माल काढायच्या, लिलावांतून बीएसए एम-२०, नॉर्टन १६ एच, मॅचलेस जी-३ एल देशभर फुटल्या, त्यांतल्या कोणत्या खानदेशात आल्या, कोणाकडे गेल्या? सैन्याच्या हिरव्या बुलेट लिलावात घेऊन काळ्या करणारे कोण होते?

डिझेल बुलेटचंच घ्या. टॉरस, ३२५ सीसीचं इंजिन, साडेसहा अश्वशक्ती. इंग्रजी पुस्तकांत तिला एखादा परिच्छेद मिळतो, तोही नवलाचा प्राणी बघितल्यासारखा. आमच्या जामनेर तालुक्यात कापसाच्या भावावर घर चालवणाऱ्या माणसाला तिची किंमत ठाऊक होती. पंपासाठी आणलेल्या डिझेलवर गाडीही चालायची. थरथर इतकी की नटबोल्ट रोज आवळावे लागत, पण तालुक्याला जाऊन यायचा खर्च नगण्य. हे कुठे लिहिलेलं नाही. आणि हे सांगू शकणारे मिस्त्री आता थकले आहेत.

पांझरा

वाघूरभाऊ, अगदी मनातलं बोललात.

आमच्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये गेले आणि त्यांनी गोळा केलेल्या कागदपत्रांसाठी १९२७ पासून ते मंडळ उभं आहे. राजवाड्यांनी काय केलं? गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यावरची दप्तरं उतरवली, वाळवीच्या तोंडातून काढली. लढायांची वर्णनं पुष्कळ होती, ते मूळ कागदाच्या मागे गेले. आपणही मूळ कागदाच्या मागे जायला हवं. जुन्या एजन्सीची बिलबुकं, गॅरेजच्या वह्या, आरसी बुकं, लिलावाच्या पावत्या. एकेक वही रद्दीत जाते तेव्हा एकेक प्रकरण जातं.

वडिलांच्या आरसी बुकात गाडीच्या पहिल्या तीन मालकांची गावं आहेत. शिरपूर, दोंडाईचा, मग आम्ही. एवढ्या तीन नोंदींवरून मला त्या गाडीचा अर्धा इतिहास कळला.

लोको_शेड

तर मग बोलून सोडून द्यायला नको. भुसावळला एक उस्ताद आहेत, वयाने बरेच, बुलेटचं टाइमिंग कानाने लावणारे. नाव इथे टाकत नाही, त्यांना विचारलेलं नाही. पण मला ते ओळखतात. त्यांच्याकडे वह्या आहेत, मी पाहिल्यात. कोणत्या गाडीचा कितवा बोअर केला, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कितव्यांदा कातला, कुठला पिस्टन घातला, सगळं उर्दूमिश्रित मराठीत. मी त्यांच्याशी बोलतो. पानांचे फोटो काढू देतील असं वाटतं. वही मात्र मागायची नाही, ती त्यांच्याकडेच राहावी.

अमळनेर_आर

लिप्यंतर मी करीन. उर्दू लिपी वाचता येणारे माझे एक स्नेही आहेत, त्यांनाही बसवतो. बोलणं रेकॉर्ड करणार असाल तर त्यांच्याच बोलीत ठेवा, प्रमाण मराठीत सुधारून घेऊ नका. अहिराणी असो, तावडी असो, जशी आली तशी.

केळीचा_खांब

आमच्याकडे यावलला राजदूतचा एक जुना मिस्त्री आहे. पॉलिशचा पत्रा घासावा तसा तो सिलिंडर घासायचा, आतून आरसा. त्याला मी गाडीवर बसवून आणतो, बोलेल तो. मला फक्त सांगा विचारायचं काय.

गिरणाकाठ

भाऊ, मोठाले प्रश्न विचारू नका, त्याने माणूस बावचळतो. हाताने केलेल्या गोष्टी विचारा. पहिली राजदूत कोणाची खोलली, तिला काय झालं होतं. क्रँकचं बेअरिंग कुठून आणायचे. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचे आणि पंपावर सुटं ऑइल मिळायचं का. कोणता पार्ट सगळ्यात आधी झिजायचा. मजुरी किती घ्यायचे, आणि सुगीवर उधारी असायची का. उस्ताद कोण होते, त्यांनी कुठे शिकलं. जुने हातपाने, पुलर, स्वतः बनवलेली हत्यारं असतील तर त्यांचे फोटो, शेजारी फूटपट्टी ठेवून. आरसी बुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या, पण इथे टाकताना मालकाचं नाव-पत्ता झाका. गाडी बनल्याचं साल आणि पासिंगचं साल वेगळं असू शकतं, म्हणून इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरून स्वतः वाचून घ्या, कागदावरून नको.

आणि मेहरूण_तलाव, तुमचं ‘स्टीलिंग स्पीड’ मला हवं आहे. बदल्यात हॉपवूड देतो.

मेहरूण_तलाव

चालेल. पोस्टाने नको, मागच्या वेळी कुरिअरमध्ये एक पुस्तक भिजून आलं. अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेला मी येतोच, सरांच्या घरी ठेवतो. तुम्ही हॉपवूड तिथेच ठेवा. पांझराताई, तुमच्यासाठी जावाच्या पार्ट्स लिस्टची झेरॉक्स आणतो, त्यात जिकोव्ह कार्बोरेटरची सुटी आकृती आहे, जेट नंबरांसकट.

पांझरा

ती आकृती मी किती दिवस शोधतेय! जरूर आणा. यात्रेला आम्हीही येतोय, वडील म्हणतात जावावरच जायचं.